चेअरमनची दहा मिनिटं

आमच्या दूध संघाच्या ऑफिसातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं असायचं. हे गल्लीतल्या चहावाल्यापासून टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. चेअरमन बाळासोंचा तसा हुकूमच होता. त्यांच्या घरातलं घड्याळ पुढं, गाडीतलं पुढं, मनगटावरचंही पुढं. "माणूस दहा मिनिटं उशिरा येतोय, म्हणून घड्याळानं दहा मिनिटं लवकर यायला पायजे," असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. नवा माणूस हसायचा. आम्ही जुने लोक मनातल्या मनात दहा वजा करायचो आणि कामाला लागायचो.

मी तिथं शिपाई होतो. सकाळी ऑफिस उघडायचं, टेबलं पुसायची, चहा आणायचा, फायली फिरवायच्या, संध्याकाळी पंखे, दिवे आणि कॉम्प्युटर बंद करून कुलूप लावायचं. माझ्या हातातलं घड्याळ मात्र मी रोज सकाळी पुणे रेडिओच्या सात पाचच्या बातम्यांवर लावायचो. एका माणसाला तरी खरी वेळ ठाऊक असावी, एवढंच.

संघात कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवायला मोना नावाची मुलगी आली. हुशार होती. बाहेरून आलेला प्रत्येक कागद तिच्याकडं जायचा. ती नोंद करायची आणि मशीनमधून चिठ्ठी निघायची. चिठ्ठीवर आवक नंबर, तारीख आणि वेळ. पहिल्या दिवशी तिनं चेअरमनना विचारलं, "साहेब, यात वेळ कुठली ठेवायची?"

"कुठली म्हंजे? भितीवर दिसत्या ती."

"पण ती पुढं आहे ना, साहेब."

"मग हीबी ऱ्हाऊ दे की पुढं. मशीन झालं म्हणून काय ते जावई हाय व्हय आमचा?"

सगळे हसले. मीही हसलो. भिंतीवरच्या घड्याळातून दहा वजा करता येतात. छापलेल्या चिठ्ठीतून कोण वजा करणार, हा विचार त्या दिवशी कुणाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

दोन हजार तीन साली संघाच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली. मंडळात एक जागा मागासवर्गीयांसाठी राखीव असते. ती जागा दहा वर्षं गुंडूकडं होती. गुंडू म्हणजे चेअरमनच्या शेतावरचा गडी. मीटिंगला तो दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, दाखवतील तिथं सही करायचा आणि मीटिंग संपली की चेअरमनच्या गाडीची काच पुसायचा. गुंडूचा राग मला कधी आला नाही. राग येण्यासारखं त्यानं काही केलंच नव्हतं, त्याला काही करूच दिलं नव्हतं. पण राखीव जागेवर आपलाच गडी बसवायचा आणि वर भाषणात समतेच्या गोष्टी सांगायच्या, हे बघून माझं डोकं फिरायचं. बोलायचो मात्र नाही. शिपायाला कोण विचारतं?

त्या वेळी पहिल्यांदा गुंडूच्या विरोधात अर्ज भरायचं एका बाईनं ठरवलं. मीनाबाई. शिरोळकडच्या एका गावच्या. बौद्ध समाजाच्या, घरच्या दोन म्हशी आणि एकराहून कमी शेती. त्यांनी गावात बायकांची दूध संस्था काढली होती. सुरुवातीला सात बायका, मग त्रेसष्ट. दुधाची फॅट कमी लावतात म्हणून त्या एकदा कॅनसकट ऑफिसात येऊन बसल्या होत्या आणि चेअरमनना सगळ्यांसमोर दूध परत मोजायला लावलं होतं. तेव्हापासून चेअरमन त्यांचं नाव घ्यायचे नाहीत, 'ती कॅनवाली' म्हणायचे.

अर्जाची मुदत सोमवारी दुपारी तीनपर्यंत होती. अर्जावर सूचकाची सही लागते. मीनाबाईंचा पहिला सूचक सकाळी पाहुण्यांकडं निघून गेला, दुसऱ्याला अचानक ताप आला. कुणी पाठवलं आणि कुणी ताप आणला, ते सांगायला नको. शेवटी त्यांनी शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्या सभासदाला मोटरसायकलवर मधे बसवलं. पुढं नवरा जयसिंग, मागं त्या. तसेच तिघं कोल्हापूरला आले. मी ऑफिसच्या दारात होतो.

"मामा, टायम हाय न्हवं?" त्यांना धाप लागली होती.

मी मनगटावर बघितलं. तीनला आठ कमी.

"हाय की. आठ मिनिटं हायत. सावकाश या, पायरी मोडल्या तिथं."

हे शब्द माझे. मी ते विसरलेलो नाही.

त्या आत गेल्या. मोनानं अर्ज घेतला, नोंद केली, चिठ्ठी निघाली. निवडणूक अधिकारी चेअरमनच्या केबिनमध्येच बसले होते, त्यांनी चिठ्ठी अर्जाला टाचली आणि पावती दिली. मोनानं एकदा चिठ्ठीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मान खाली घातली. मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी छाननीत कळलं. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं, "अर्ज पंधरा वाजून तीन मिनिटांनी प्राप्त. मुदतीनंतर. नामंजूर."

"तीन वाजून तीन मिनिटं?" मीनाबाई उभ्या राहिल्या. "कुणाच्या घड्याळात, साहेब?"

"संघाच्या."

"मग त्यातनं धा काढून वाचा की! साऱ्या गल्लीला ठावं हाय, हितलं घड्याळ धा मिनिटं पुढं असतंय."

"बाई, मला कागदावर आहे ते वाचावं लागतं."

"कागदावर तुमी लिवलंसा म्हणून आता कालचे तीनबी वाजून गेले व्हय?"

चेअरमन शांतपणे म्हणाले, "मीनाताई, एवढ्या लांबनं यायचं तर जरा लवकर निघावं माणसानं. आमी तरी सगळ्यांना लवकर यायलाच सांगतोय." आणि आजूबाजूचे चारजण हसले. हे ऐकून माझी कानशिलं तापली. सूचक पळवायचा, घड्याळ पळवायचं आणि वर लवकर निघायचा उपदेश करायचा!

गुंडू बिनविरोध आला असंच सगळे धरून चालले. अधिकारी जाता जाता म्हणाले, अपील करता येईल. मीनाबाईंनी त्याच दुपारी अपील केलं. त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं, कारण आठ मिनिटं आहेत असं मीच म्हणालो होतो.

अपील गेल्याचं कळल्यावर तासाभरात चेअरमननी मला बोलावलं. "सयाजी, स्टूल घे आणि ते भितीवरचं घड्याळ बरोबर करून टाक."

मी आनंदानं स्टुलावर चढलो. मला वाटलं, चूक पटली साहेबांना. काटा दहा मिनिटं मागं घेताना मी खाली मोनाला म्हणालोसुद्धा, "झालं बघ, देव पावला." मी ऑफिसातला पुरावा स्वतःच्या हातानं पुसत होतो आणि देवाचे आभार मानत होतो. एवढा शहाणा मी.

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतून यशराज नावाचा मुलगा आला. कॉम्प्युटरचं काम करणारा, हे मशीन त्यानंच बसवलं होतं. चेअरमन स्वतः त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी चहा घेऊन गेलो तेव्हा दार अर्धं उघडं होतं.

चेअरमन म्हणत होते, "एका दणक्यात मागं घे की लेका. त्याला काय आठ दिवस लागत्यात?"

"एकदम मागं घेतलं तर घोळ होईल, साहेब. आत्ता मशीनमधे अकरा वाजलेत. मी अकराला दहा कमी केले की तीच दहा मिनिटं दोनदा होणार. आवक नंबर चढत जाणार आणि वेळ उतरणार. यादी काढली की कुणीही पकडेल. शिवाय मागची वेळ दिसली की तुमचा आवकचा प्रोग्रॅमच अडतो."

"मग?"

"मग कर्नलला कॉल द्यायचा. सिस्टिम कॉल. त्याला सांगायचं, दहा मिनिटं कमी कर, पण हळूहळू. तो प्रत्येक सेकंद जरासा लांबवतो. रोज त्रेचाळीस सेकंद खातो. कुठंही उडी नाही, वेळ पुढंच जात राहते. चौदा दिवसांत घड्याळ बरोबर. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"चौदा दिवस?"

"तेवढे दिवस मशीन बंद करायचं नाही बघा. लाईट गेली तरी बॅटरीवर चालू राहिलं पाहिजे. बंद पडलं तर सगळं मुसळ केरात."

मी चहा ठेवला. मी बाहेर आलो.

माझा धाकटा भाऊ बेळगावला पलटणीत होता. सुट्टीवर आला की त्याच्या तोंडी सारखं कर्नलसाहेब असायचे. कर्नलसाहेब पाचला म्हणजे पाचला मैदानावर. कर्नलसाहेबांच्या घड्याळावर सूर्य उगवतो. त्यामुळं कर्नलला कॉल करायचा हे ऐकल्यावर मला वाटलं, सरकारी कॉम्प्युटरची घड्याळं लष्कराच्या ताब्यात असतील, आणि यशराज तिथं कुणा कर्नलला फोन लावणार असेल. मला थोडं हायसंही वाटलं. कर्नल माणूस खोट्याला हात लावणार नाही. पण मग वाटलं, रोज त्रेचाळीस सेकंद खाणारा कर्नल कसला?

त्या संध्याकाळी मशीनवर कागद चिकटला, 'मशीन बंद करू नये. हुकमावरून.' मी पंखे बंद केले, दिवे बंद केले, मशीन तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशीपासून मी मोनाच्या टेबलावरचा कागद नेताना पडद्यावरची वेळ बघायला लागलो. शनिवारी आठ मिनिटांहून थोडा कमी फरक. पुढच्या बुधवारी पाच. अपिलाची सुनावणी एकदा पुढं गेली, मग दुसऱ्यांदा पुढं गेली. शनिवारी फरक तीन मिनिटांच्याही आत आला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकदम घेतलं असतं तर ती चोरी दिसली असती. हे उंदरानं पोतं कुरतडावं तसं चाललं होतं. पोतं उभंच, आतलं धान्य गायब.

मी मोनाला विचारलं, "पोरी, हे तुला दिसतंय न्हवं?"

"मामा, माझी नोकरी कायम व्हायची आहे अजून," ती म्हणाली. "मला काही विचारू नका."

पंधराव्या दिवशी, गुरुवारी, अपिलाचे अधिकारी स्वतः ऑफिसात आले. सांगितलेल्या वेळेआधी तासभर आले. संघाचे सगळे नोकर हॉलमध्ये उभे केले. मीनाबाई आणि जयसिंग एका बाकावर, चेअरमन समोर, जाणकार म्हणून बोलावलेला यशराज मशीनजवळ. तो नुकताच धावत आला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

साहेबांनी आधी मशीनची वेळ विचारली. मोनानं वाचली. साहेबांनी मनगटावर बघितलं, टेलिफोनवर वेळ सांगणारा नंबर लावून ऐकलं. सगळं सेकंदाला जुळलं.

"घड्याळ तर बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"पयल्यापास्नंच बरोबर हाय, साहेब," चेअरमन म्हणाले. "विचारा कुणालाबी."

साहेबांनी विचारलं. अकाउंटंट म्हणाला, बरोबर असतं. टँकरचा सुपरवायझर म्हणाला, बरोबर असतं. हाच माणूस आठवड्यातून तीनदा माझ्याकडं येऊन म्हणायचा, सयाजी, खरे किती वाजले? मोना म्हणाली, बरोबर असतं, आणि टेबलाच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत राहिली. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होतो. वीस वर्षं ज्यांना मी चहा दिला, त्यांतल्या एकाचीही जीभ चाचरली नाही.

मग माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ मीच मागं घेतलं, तेही सांगितलं.

"आणि मशीनचं?" साहेबांनी विचारलं. "ते कुणी मागं घेतलं?"

"ह्या यशराजनं, साहेब. कर्नलला कॉल करून."

"कुणाला?"

"कर्नलला. त्यो कर्नल रोज त्रेचाळीस सेकंद खात हुता."

आणि हॉल हसून फुटला. अकाउंटंट टेबलावर डोकं ठेवून हसला. सुपरवायझर म्हणाला, "मेजरला न्हाई व्हय विचारलं?" चेअरमननी डोळे पुसले. "साहेब, बघा आता. लष्कर आणलं ह्यानं. उद्या रणगाडा येतोय का बघा दूध संघात." अपिलाचे साहेबही हसू दाबत होते. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी जवळ होतो, मला उलट्या बाजूनं दिसलं. 'साक्षीदारास विषयाचे ज्ञान नाही.'

मी वाचायला चाळिशीनंतर शिकलो, त्यामुळं लिहिलेलं काही नजरेसमोरून गेलं की सोडवत नाही. ते वाक्य वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्ञान नाही! ज्ञान असलेले समोर उभे होते आणि सगळेच खोटं बोलले होते.

हसला नाही तो एकटा यशराज. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"साहेब," मी म्हणालो, "कर्नल कोण ते मला ठावं न्हाई. हसा. पर एक सांगा. त्या मशीनवर कागद लावलाय, बंद करू नये म्हणून. वीस वर्सं ह्या हापिसातली सगळी बटणं मी बंद करतोय. हेच एक का करायचं न्हाई? बंद करून परत चालू करा. खरं असंल तर खरंच ऱ्हाईल की."

"आरं, डेटा जाईल!" चेअरमन ताडकन उठले. "साहेब, ऐंशी गावाचं दूध हाय त्यात!"

"लाईट जात्या तवा कुटं जातंय मग ते दूध?" मीनाबाई बाकावरून म्हणाल्या. "फुटतंय का नासतंय?"

"तू गप बस गं!"

"गं कुणाला म्हणतासा? मी उमेदवार हाय."

साहेब म्हणाले, "सगळे बसा. त्याची आवश्यकता वाटत नाही—"

मी बसलो नाही. मशीनच्या खालच्या बॅटरीच्या पेटीला मागं लाल बटण होतं. मी वाकलो आणि दाबलं. पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज थांबला. चेअरमन माझ्या अंगावर धावले, जयसिंग मधे उभा राहिला. दुधाचे कॅन उचलणारा माणूस, खांदे तसे होते.

"चालू करा आता," साहेब यशराजला म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. चेअरमन एवढे का ओरडले, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

मशीन लवकर उठेना. पडद्यावर पांढरी अक्षरं येत राहिली. असं मधेच बंद पडलं की ते आधी स्वतःचं पोट तपासतं, मोना म्हणाली. चार मिनिटं गेली, पाच गेली. कुणी हसत नव्हतं. मग पडदा आला.

"वेळ वाचा," साहेब म्हणाले.

मोनानं चेअरमनकडं बघितलं नाही. "एक वाजून सोळा मिनिटं," ती स्पष्ट आवाजात म्हणाली.

साहेबांच्या घड्याळात एक वाजून सहा मिनिटं झाली होती. त्यांनी मनगट कानाला लावून बघितलं. मग यशराजकडं वळले. "हे काय आहे?"

"साहेब, मशीनमधे दोन घड्याळं असतात," यशराज हळू आवाजात म्हणाला. "एक सेलवर चालतं, मशीन बंद असलं तरी. दुसरं मशीन चालू असताना कर्नेल चालवतो. मशीन उठताना तो पहिल्यावरून वेळ घेतो आणि मग आपल्या गतीनं जातो. मी दुसरं मागं घेतलं. पहिल्यात नवी वेळ आज लिहायची होती, पण तुम्ही लवकर आलात."

"कर्नेल कोण?"

"माणूस नाही, साहेब. मशीनच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम. सगळी कामं त्याच्याच हातात. त्याच्याकडून काही करून घ्यायचं तर मागणी करावी लागते. तिला सिस्टिम कॉल म्हणतात."

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "म्हणजे हे मघाशी म्हणाले ते अक्षरशः खरं होतं."

"हो."

"आणि रोज त्रेचाळीस सेकंद?"

"तेही."

मला वाटलं होतं, आता तरी हसणाऱ्यांपैकी एखादा मान खाली घालेल. अकाउंटंट खिडकीबाहेर बघत होता. सुपरवायझरनं तंबाखू मळायला घेतली.

साहेबांनी नवा कागद घेतला आणि मोनाला मजकूर सांगायला लागले. "घड्याळातील तांत्रिक दोषामुळे नोंदलेली वेळ विश्वासार्ह नाही. सबब अर्ज मुदतीत प्राप्त झाल्याचे मानून मंजूर करण्यात येत आहे." मीनाबाईंनी डोळे मिटले. जयसिंगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"साक्षीदार म्हणून इथं सही करा," साहेब मला म्हणाले.

मी कागद दोनदा वाचला. "साहेब, ही सही मी करणार न्हाई."

"आता काय झालं?"

"घड्याळात दोष न्हवता. घड्याळाला सांगितलं तसं ते चाललं. दोष घड्याळाचा म्हणून लिवलं तर ह्या हॉलमधला एकबी माणूस दोषी न्हाई."

चेअरमन जवळ आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "सयाजी, तुझ्या बाईचा अर्ज मंजूर झाला न्हवं? आता आडवा नको येऊस. चिन्हवाटप उद्या हाय. चौकशी लागली तर हे सगळं महिनाभर लटकंल, तिचंच नुकसान."

ते बरोबर बोलत होते. ते नेहमी असंच बरोबर बोलायचे. जयसिंग माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, करून टाका सही. पाया पडतो." मी मीनाबाईंकडं बघितलं. निर्णय त्यांचा होता, नाव त्यांचं जाणार होतं.

त्या उठून आल्या. मोनाच्या खांद्यावरून त्यांनी कागद वाचला, ओठ हलवत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "चौकशी नगं. आजच आदेश पायजे. पर मामा म्हंत्यात ते खोटं न्हाई. तांत्रिक बिंत्रिक काडा. नुसतं लिवा, घड्याळ दहा मिनिटं पुढं हुतं."

"चालेल," साहेब म्हणाले. मोनानं आधीची ओळ खोडून लिहिलं, 'घड्याळ दहा मिनिटे पुढे होते.'

"आता करा."

मी परत वाचलं. मला ते पटेना. पुढं होतं म्हणजे कसं? वारा सुटला आणि पुढं गेलं? "साहेब, एक शब्द ऱ्हायलाय. पुढं ठेवलेलं हुतं."

"अहो, एकच अर्थ आहे."

"न्हाई, साहेब. पाणी तापलेलं असतंय आणि पाणी तापवलेलं असतंय. तापवलेलं म्हटलं की चुलीम्होरं कुणीतरी बसलेलं असतंय."

मीनाबाई म्हणाल्या, "एवढा शब्द घाला, साहेब. मग मीबी सही करतो."

साहेबांनी चेअरमनकडं बघितलं. चेअरमन म्हणाले, "होतं म्हटलं तरी चालतंय की," आणि इतक्या घाईनं म्हणाले की साहेबांनी पेन उचललं. स्वतःच्या हातानं त्यांनी तो शब्द मधे घातला, 'ठेवलेले', आणि बाजूला लहान सही केली. मग मी केली. मीनाबाईंनी केली. चेअरमनना संघाच्या वतीनं सही करावी लागली. त्यांनी पेन कागदावर एवढं दाबलं की टोकानं मागचा कागदही फाटला.

साहेब गेल्यावर ते पायरीवर माझी वाट बघत उभे होते. "एका शब्दानं काय मिळवलंस रं?"

"काय न्हाई, साहेब. तुमाला तो वाचून सही करावी लागली, एवढंच."

मतदान झालं. मीनाबाई अकरा मतांनी पडल्या. पडल्या त्या मतांनी पडल्या, मिनिटांनी नाही. त्यांना त्याचं दुःख झालं, मलाही झालं, पण ते दुःख सहन होण्यासारखं होतं. गुंडू परत दाराजवळच्या खुर्चीत बसला. यशराजचं संघातलं काम बंद झालं. मोनाची नोकरी कायम झाली नाही. अकाउंटंट आणि सुपरवायझर जागच्या जागी राहिले आणि दोघंही मला आजतागायत कर्नल म्हणतात. बरोबर कोण निघालं ते त्यांच्या लक्षात नाही, हसलो होतो तेवढं लक्षात आहे.

निकालानंतर चौथ्या दिवशी माझ्या हातात बदलीचा आदेश पडला. मलकापूरचं दूध शीतकरण केंद्र. आदेशात लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोयीसाठी बदली करण्यात येत आहे.' निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाची घरापासून पंचेचाळीस किलोमीटरवर बदली, आणि ती कुणी केली, का केली, हे त्या ओळीत कुठंही नाही. बदली आपोआप होते, जसं घड्याळ आपोआप पुढं जातं.

मी मलकापूरला हजर झालो. हजर झाल्याच्या दिवशीच स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. अक्षर बरं नाही माझं, पण वाचता येतं. त्यात दोनच ओळी होत्या. बदली कोणी केली त्याचं नाव कळवावं. आणि सोय कुणाची झाली, तेही कळवावं.

अर्ज टँकरबरोबर कोल्हापूरला गेला. मोनाच्या जागी आलेल्या मुलानं तो नोंदवला, नंबर पडल्याची चिठ्ठी मला परत आली. उत्तर आलं नाही. महिन्यानं मी दुसरा अर्ज पाठवला, मग तिसरा. निवृत्त होईपर्यंत सतरा पाठवले.